सुभेदारांचा खारा टँक

रहिमतपूरपासून चारेक किलोमीटरवर सुभेदार लालासाहेब निकमांचा ऊस आहे आणि उसाच्या मधोमध पोहण्याचा टँक आहे. 'सुभेदारांनी रानात टँक आणलाय' अशी बातमी पहिल्यांदा गावात आली, तेव्हा चार माणसं रणगाडा बघायच्या तयारीनं गेली होती. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसानं रणगाडा आणला असता तरी कुणाला फार नवल वाटलं नसतं. पण हा टँक पाण्याचा निघाला. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, निळ्या फरश्यांचा. सुभेदारांचा मुलगा ऋषिराज पुण्याला नोकरीला होता. त्यानं शेतावर पर्यटन केंद्र काढायचं मनावर घेतलं, टँक बांधला, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि उद्घाटनाच्या महिन्यातच कंपनीनं त्याला बंगळुरूला पाठवलं. केंद्र बापाच्या गळ्यात पडलं.

सुभेदार मात्र टँकवर जीव टाकून बसले. चौसष्टाव्या वर्षी ते दिवसातून दोनदा पाण्यात उतरायचे. शनिवार-रविवारी सातारा-कराडकडची कुटुंबं यायची, ती वेगळी. बाकी दिवस टँक म्हणजे सुभेदारांचं राज्य. सकाळी सहा ते साडेसात त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतले निवृत्त फौजी उतरायचे. सुभेदार धरून अकरा जण. त्यांनी स्वतःला 'माजी सैनिक जलतरण मंडळ' असं नाव दिलं होतं आणि त्याचा एक शिक्काही करून घेतला होता, तो कुठं मारायचा हे मात्र ठरलं नव्हतं. अंगाला तेल चोळून आलं की पाणी चांगलं कापलं जातं, असा त्यांच्यातल्या हवालदार हरिबांचा सिद्धान्त होता. त्यामुळं सगळेच तेल चोळून यायचे. टँकच्या कडेला आंघोळ करून उतरण्यासाठी शॉवर होता. त्याच्यावर मंडळाचे टॉवेल वाळत असायचे.

चार वाजता सुभेदार परत उतरायचे, तेव्हा एकटेच. पोहायचे कमी आणि पाच फूट खोलीच्या टोकाला कठडा धरून डोळे मिटून उभे राहायचे जास्त. चेहऱ्यावर अशी शांती असायची, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आता संन्यास घेणार.

त्यांच्या बायकोला, विजयमालाकाकींना, त्या टँकचा राग होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्या एकदा हौसेनं उतरल्या होत्या. अर्ध्या तासात डोळे लालबुंद झाले, घसा खवखवायला लागला आणि दोन दिवस केसांना असा वास येत राहिला, की ग्रामपंचायतीच्या टाकीत पडून आल्यात की काय. टाकीत टाकतात तीच टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टँकमध्येही पडायची, त्यामुळं वास तोच. काकींनी त्यानंतर पाण्यात पाय घातला नाही.

मग त्यांच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली म्हणून मुलानं त्यांना पाचगणीच्या एका हॉटेलात दोन दिवस पाठवलं. तिथं एक टँक होता, मिठाच्या पाण्याचा. काकी भीत भीत उतरल्या आणि तासभर बाहेरच आल्या नाहीत. डोळे चुरचुरले नाहीत, वास नाही, कातडी मऊ. हॉटेलच्या माणसानं सांगितलं, सगळी मिठाची कमाल आहे. सुभेदारांनी परतीच्या वाटेवर, पसरणीचा घाट उतरता उतरता, निर्णय घेऊन टाकला. आपला टँकही खारा करायचा.

त्यासाठी त्यांनी यासीन शिकलगारला बोलावलं.

यासीन रहिमतपुरातलाच. वडील इलाही शिकलगार कोयत्या-विळ्यांना धार लावायचे. सगळं खानदान लोखंडात, हा एकटा पाण्यात गेला. पाचगणीच्या हॉटेलांचे आणि शाळांचे टँक सांभाळण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याच्या एकाही शर्टाचा मूळ रंग धड राहिलेला नव्हता. सगळ्यांवर क्लोरीनचे पांढरे ठिपके. सुभेदारांच्या टँकची देखभालही तोच करायचा, आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवरून येऊन.

यासीननं सगळं ऐकून घेतलं आणि आधी खरं ते सांगितलं. मिठाच्या टँकमध्येही क्लोरीन असतोच. मीठ पाण्यात विरघळतं, ते पाणी मशीनमधून जातं, मशीनमधल्या पट्ट्यांना करंट असतो आणि त्या करंटनं मिठातूनच क्लोरीन सुटतो. जंतू तोच मारतो. मीठ काही मारत नाही.

"म्हंजी मिठात क्लोरीन हाय?" सुभेदारांनी विचारलं.

"हाय की."

"मग आमी काय रोज आमटीतनं क्लोरीन खातोय व्हय रं?"

यासीननं आमटीला वीज लावत नाहीत, हे समजावून पाहिलं. दोन्हीतला फरकही सांगितला. पावडर आपण मगानं टाकतो, एकदम टाकतो, सकाळी जास्त होते आणि संध्याकाळी कमी. मशीन थोडा थोडा क्लोरीन दिवसभर सोडत राहतं, त्यामुळं पाणी एकसारखं राहतं आणि अंगाला मऊ लागतं. पावडरीचे डबे घरात साठवायला नकोत, पाऊस लागून ते तापायची भीती नको. हे झालं चांगलं. पण आपल्या बोअरचं पाणी जड, त्याचा थर पट्ट्यांवर बसणार आणि पट्ट्या दर महिन्याला धुवाव्या लागणार. पाण्यात ॲसिड आत्तापेक्षा जास्त घालावं लागणार. पायऱ्यांच्या पाइपला मीठ खाणार. आणि आपल्याकडं लाइट गेली की मशीन बंद, क्लोरीन बंद. पावडरीला लाइट लागत नाही.

सुभेदारांनी यातलं 'मऊ' एवढंच ऐकलं.

खरा विरोध झाला तो घरातून. पन्नास किलोच्या सात गोण्या मीठ टेम्पोतून उतरायला लागलं, तेव्हा काकी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर सांगलीकडं, कृष्णेच्या काठचं. तिथं पाणी पाजून पाजून उसाच्या रानाला खार फुटली होती. वडिलांची चार एकर जमीन त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरी पडली होती. टँक खारा करा म्हणून हट्ट त्यांनी धरलेला नव्हता, पण पाचगणीला त्याच तासभर पाण्यात बसल्या होत्या, त्यामुळं त्यांना फार बोलता येईना.

"मला पवायला मीठ पायजे, पर माज्या रानात मिठाचा कण जाता कामा न्हाई," त्या यासीनला म्हणाल्या. "फिल्टर धुतलेलं पानी कुटं सोडतोस रं?"

आत्तापर्यंत ते पाणी शेजारच्या सरीत जात होतं. यासीननं दोन दिवस घालवून शंभर फूट पाइप टाकला आणि ते पाणी पलीकडच्या माळावर, एका मुरमाड खड्ड्यात नेलं. तिथं तसंही गवताची काडी उगवत नव्हती. काकींनी स्वतः जाऊन खड्डा बघितला, मगच गोण्या फोडायला परवानगी दिली.

जुनं पाणी सोडून दिलं, टँक घासला, नव्यानं भरला. मीठ पडलं. चव बघायला मंडळाच्या अकराही जणांनी ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं. आमटीत असतं त्याच्या निम्मंसुद्धा खारट नव्हतं. माजी सैनिकांची थोडी निराशाच झाली. त्यांना समुद्राची अपेक्षा होती.

पुढच्या आठवड्यात रस्त्याला बोर्ड लागला. 'क्लोरीनमुक्त, केमिकलमुक्त, नैसर्गिक खारा जलतरण तलाव.' खाली एका कोपऱ्यात 'देखभाल : यासीन शिकलगार' आणि मोबाइल नंबर. यासीन तो बोर्ड वाचून दहा मिनिटं मोटारसायकलवरच बसून राहिला. मग आत जाऊन त्यानं सुभेदारांना पहिले दोन शब्द खोडायची विनंती केली. ते खोटं आहे, त्याखाली माझं नाव आहे, असं म्हणाला. सुभेदारांनी सांगितलं, जाहिरातीत एवढं चालतं. फौजेत भरतीच्या बोर्डावर तरी कुठं सगळं लिहिलेलं असतं?

महिनाभर सगळं झकास चाललं. पाणी काचेसारखं, वास नाही. शनिवार-रविवारची गर्दी वाढली. विजयमालाकाकी दोन-तीनदा दुपारी उतरल्यासुद्धा. रोज काही ना काही कामं असायची, नाही तर त्या रोज उतरल्या असत्या. सुभेदार येईल त्याला मिठाचे गुण सांगायचे. गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत मिठाचा पल्ला त्यांनी वाढवत नेला होता.

दीड महिना झाला आणि वास परत आला.

आधी सकाळच्या वेळी थोडासा. मग चांगलाच. रविवारी आलेल्या कराडच्या एका कुटुंबातल्या बाईंनी डोळे चोळत विचारलं, बोर्डावर तर क्लोरीनमुक्त लिहिलंय, मग हा वास कसला? काकींचे डोळे परत लाल झाले आणि त्यांनी पाण्यात उतरणं परत सोडलं. सुभेदारांनी मशीनचा दिवा बघितला, हिरवा होता. त्यांनी शांतपणे विचार केला आणि फौजी पद्धतीनं एकच निष्कर्ष काढला. घात आतल्या माणसानं केलाय. यासीन मशीन नीट चालवत नाही आणि गुपचूप जुनी टीसीएल टाकतो.

हे ते नुसतं मनात ठेवते तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी ते मंडळासमोर सांगितलं, मंडळानं ते आपापल्या गावात नेलं आणि चार दिवसांत लोणंदच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं यासीनला फोन करून सांगितलं, की आमच्या टँकचं काम आम्ही दुसऱ्याला देतोय. कारण सांगितलं नाही. यासीननं विचारलंही नाही.

त्याची बायको फरीदा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. वीस वर्षं नवऱ्याचे ठिपक्यांचे शर्ट धुतलेली बाई. तिला त्या वासाचं सगळं शास्त्र पाठ होतं, कारण यासीन घरी येऊन दुसरं काही बोलायचाच नाही. तिनं त्याला सांगितलं, तुम्ही जा आणि त्या सुभेदाराला वास कशाचा आहे ते तोंडावर सांगा. लाजताय कशाला? टँकमध्ये ती घाण तुम्ही केलेली नाही.

यासीन गेला. सकाळी सातला, मंडळ पाण्यात असतानाच. त्यानं काठावर आपली पेटी उघडली, काचेची नळी काढली, टँकचं पाणी भरलं आणि त्यात एक गोळी टाकली. पाणी फिकट गुलाबी झालं.

"ह्यो मोकळा क्लोरीन," तो म्हणाला. "कामाचा. ह्येला वास नसतो."

मग दुसरी गोळी टाकली. गुलाबी रंग गडद होत होत जांभळटाकडं गेला. अकरा जण काठाला येऊन बघायला लागले.

"आन ह्यो अडाकलेला. मानसाचा घाम, तेल आन," इथं यासीन क्षणभर थांबला, "लघवी पाण्यात गेली, की क्लोरीन तिला जाऊन चिकाटतो. त्येचा वास येतो. डोळं त्येनंच झोंबत्यात. मशीनचा क्लोरीन आसू दे न्हाई तर डब्यातला, दोन्हीचं तसंच हाय. वास लय आला म्हंजी क्लोरीन लय झाला न्हवं. घान लय झाली."

माजी सैनिक जलतरण मंडळ आभाळाकडं बघायला लागलं. हवालदार हरिबांना अचानक उसातलं काहीतरी दिसलं. कुणीतरी बुडी मारली आणि बराच वेळ वर आलं नाही.

सुभेदार भडकले. हा फौजी माणसांचा अपमान आहे, असं म्हणाले. ज्यांनी सीमेवर बर्फात दिवस काढले, ती माणसं टँकमध्ये असलं काही करतील? त्यांना शिस्त शिकवायला एक शिकलगार आला? बोलता बोलता त्यांना काठावर विजयमालाकाकी दिसल्या. चहाची किटली घेऊन त्या कधीच्या येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

भांडण काकींनीच मिटवलं. त्या म्हणाल्या, आठ दिवस टँक बंद ठेवा. यासीनला पाणी साफ करू दे. मग कळेल मशीन खोटं आहे की माणसं. यासीन म्हणाला, मला चालेल. सुभेदार म्हणाले, मलाही चालेल. पण मी पोहणार, मालक मी आहे आणि डॉक्टरनं मला व्यायाम सांगितलाय.

यासीननं निम्मं पाणी माळावर सोडलं, ताजं भरलं, मिठाच्या साडेतीन गोण्या आणखी टाकल्या. मशीन पूर्ण जोरावर लावून त्यानं दोन दिवस टँक उन्हात उघडा तापवला. तिसऱ्या दिवशी परत तपासलं. दुसऱ्या गोळीनं रंग जराही बदलला नाही. पाणी स्वच्छ होतं, वास शून्य. नळी त्यानं काकींना दाखवली. पाहुणे बंद होते, मंडळ बंद होतं. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली काकींच्या कनवटीला.

त्या संध्याकाळपासून सुभेदार एकटे उतरायला लागले. पाच दिवस, रोज दोन वेळा.

नवव्या दिवशी यासीन आला. सुभेदार साखर कारखान्याच्या सभेला गेले होते. त्यानं नळी भरली. पहिली गोळी, फिकट गुलाबी. दुसरी गोळी टाकली आणि रंग हळूहळू गडद होत गेला. आधीइतका नाही, पण एवढा, की कुणीही ओळखावं. यासीननं नळी ओतून टाकायला हात पुढं केला.

"थांब," काकी म्हणाल्या. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाकडं धरली. "काल-परवा कोन उतारलं हुतं टँकमधी?"

"काकी, बेडूक पडतो कवाकवा. पानं पडत्यात."

"यासीन, कोन उतारलं हुतं?"

"सुभेदार," यासीन म्हणाला आणि पेटी आवरायला लागला.

काकी तिथंच कठड्यावर बसल्या. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. नवरा हल्ली रात्री चार-चारदा उठतो. लग्नात गेला की मांडवाच्या टोकाची, दाराजवळची खुर्ची धरतो. साताऱ्याला एसटीनं जायचं सोडून दिलंय, स्वतःची जीप काढतो. मोरीत गेला की इतका वेळ लावतो, की त्यांना वाटायचं मोबाइल बघतो. आणि चार वाजता टँकच्या टोकाला डोळे मिटून उभा राहतो, ती शांती. त्यांना आधी हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं, यासीन वळून बघायला लागला. मग ते हसू मधेच थांबलं आणि त्यांना भीती वाटली. त्यांचा थोरला भाऊ लघवी अडण्याच्या ह्याच दुखण्यानं मिरजेच्या दवाखान्यात पोचला होता तेव्हा त्याची मूत्रपिंडं निम्मी गेली होती.

सुभेदार दुपारी आले. जेवायला बसले. काकींनी भाकरी वाढली आणि समोर बसून सरळ विचारलं, टँकमध्ये लघवी करता का?

सुभेदारांनी आधी मशीनला दोष दिला. मग यासीनला, मग बेडकांना. मग हरिबा कुंपणावरून उडी मारून आला असेल, अशीही एक शक्यता त्यांनी मांडली. हरिबांचं वय एकाहत्तर. सुभेदारांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"पान्यात हुती," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका हळू, की काकींना पुढं वाकावं लागलं. "भाईर न्हाई हुत. धा-धा मिंटं हुबा ऱ्हातो, थेंब थेंब येती. पोटात दुकतं. टँकात उतारलं, पान्यात जरा हुबा ऱ्हायलो, की आपसूक मोकळं वाटतं. येवडा एकच टाइम दिवसातनं बरं वाटतं बग."

"कवापासनं?"

"दीड वर्स झालं."

"आन सांगितलं न्हाई."

"काय सांगू? सुभेदार निकमला मुतायला येत न्हाई म्हनून सांगू?"

काकींना राग यायला हवा होता, आला नाही. दीड वर्ष हा माणूस टँकचं एवढं कौतुक करत होता ते कशाचं, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, उद्या मिरजेला जायचं. सुभेदारांनी पुढच्या आठवड्याचं काही सुचवून बघितलं. काकी उठून कपाटातून पिशवी काढायला गेल्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. प्रोस्टेट वाढलेलं होतं, साधी गाठ होती, पण लघवी तुंबून राहत होती आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. आणखी सहा महिने काढले असते तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सुभेदार चार दिवस नळी लावून पडून होते. त्या चार दिवसांत त्यांनी नर्सला दोनदा 'जय हिंद' म्हटलं आणि एकदा रडले, असं काकींनी नंतर फक्त फरीदाला सांगितलं.

फरीदाशी काकींचं आता येणं-जाणं सुरू झालं होतं. सुभेदारांना दीड महिना पाण्यात उतरायची बंदी होती. तेवढ्यात काकींनी दुपारची बायकांची बॅच सुरू केली. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या, त्यांत फरीदा होती, पायघोळ कपड्यात, डोक्याला घट्ट टोपी लावून. नवरा वीस वर्षं पाण्यात आणि ती पहिल्यांदाच टँकमध्ये उतरत होती. उतरण्याआधी प्रत्येकीनं शॉवरखाली साबण लावून आंघोळ करायची आणि मोरीला जाऊन यायचं, हा काकींचा नियम. शॉवरवरचे टॉवेल त्यांनी स्वतः काढून फेकले. पाणी महिनाभर असं राहिलं, की यासीनची दुसरी गोळी रंग विसरून गेली. मशीनच्या पट्ट्यांवर बोअरचा थर मात्र त्यानं सांगितला होता तसाच बसला, पायरीच्या एका पाइपला गंज चढला, दोनदा दिवसभर लाइट गेली तेव्हा त्याला डब्यातली टीसीएल काढावीच लागली. काकींनी त्याला विचारलं, मग मीठ बरं की पावडर? तो म्हणाला, मिठाचं पाणी अंगाला बरं, पावडर खिशाला आणि डोक्याला बरी. आंघोळ करून उतरलं तर दोन्ही बरी.

सुभेदार बरे होऊन पहिल्यांदा टँकवर आले ती रविवारची सकाळ होती. त्यांनी पेंटरला बोलावून बोर्डावरचे पहिले दोन शब्द आदल्या दिवशीच पुसून घेतले होते. मंडळ जमलं होतं, अजून कुणी पाण्यात उतरलं नव्हतं, कारण शॉवरजवळ काकी खुर्ची टाकून बसल्या होत्या. यासीन मशीन उघडून पट्ट्या धुत होता. सुभेदारांनी त्याला हाक मारून पुढं बोलावलं. त्याला वाटलं पट्ट्यांचं काही विचारतायत.

सुभेदार परेडला उभं राहावं तसे उभे राहिले.

"मी तुमच्याफुडं बोललो हुतो, यासीन चोरून टीसीएल टाकतो म्हनून," ते म्हणाले. "त्यानं चोरून कवाच टाकली न्हवती. टँक मी खराब केला. मला लघवीचा तरास हुता, भाईर हुत न्हवती, मी पान्यात करायचो. मिरजेला आप्रेशन केलं. आता भाईर हुती. यासीन, तुजं लोनंदचं काम माज्यापाई गेलं. त्या मालकाला मी काल जाऊन ह्येच सांगून आलो."

यासीनच्या हातातली पट्टी तशीच ठिबकत होती. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, तुमी बरं झाला ते बास झालं, सुभेदार.

कुणी हसलं नाही. मंडळाचे दहा जण या वेळी आभाळाकडं नाही, जमिनीकडं बघत होते. हवालदार हरिबांनी घसा साफ केला.

"ती नळी घालत्यात, ती लय दुकती का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "काडताना जरा."

"आन किती दिवसांनी चालू हुतं?"

"चार."

हरिबांनी मान हलवली. मग दुसऱ्या टोकाला उभे असलेले अर्जुना नाईक म्हणाले, की आपल्याला तसं काही नाही, पण एकदा दाखवून ठेवायला हरकत नाही. मग आणखी एकानं तेच म्हटलं, की आपल्यालाही तसं काही नाही. मग चौथ्यानं. चौघांनाही तसं काहीच नव्हतं. काकींनी खुर्चीतून न उठता मोबाइल काढला आणि मिरजेच्या दवाखान्यात बुधवारची वेळ घेऊन टाकली.

बुधवारी सकाळी सातला जीप निघाली. मिरज तिथून तीन तास. पुसेसावळीला जीप थांबली, विट्याच्या अलीकडं एका बाभळीजवळ थांबली, तासगावात दोनदा थांबली. प्रत्येक वेळी चौघं उतरले आणि चौघांनीही भरपूर वेळ घेतला. सुभेदार स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. सबंध प्रवासात ते एकदाही उतरले नाहीत.